एक्केचाळीस लाल दगड

जिंतूरच्या बाजारात व्यापारी मेंढीची पाठ चाचपतो आणि पसंत पडली की तिच्यावर लाल ठसा मारतो. ठसा पडला की मेंढी त्याची.

मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटांनी मोठा असतो.

कासाबाई चार महिने नवऱ्याकडे, रायभानकडे, चुलीला नवे दगड मागत होती.

सोमवारी परराज्याच्या नंबरची पांढरी गाडी माळाकडे वळली. उतरलेल्या सहा जणांपैकी एकाच्याही बुटाला चिखल नव्हता.

हे बूट रायभानने स्वतः पाहिले. तो ऐंशी मेंढरं घेऊन उतारावर उभा होता. माळ सरकारी गायरान. बापजाद्यांपासून मेंढरं तिथं चरत आली, एवढाच त्याचा हक्क. कागदावर नाव कुठंच नाही. माळ गेला तर मेंढरं विकायची आणि कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

“काय काम काढलंय, बाई?”

दीपिका नावाची मॅडम होती, ती हसली. “अंतराळ संस्थेतून आलोय, काका. मंगळावर गाडी उतरवायची आहे. तिथंही असेच काळे दगड आहेत. तुमच्या दगडांवर चाकं चालवून बघू, टिकतात का.”

“जायचं मंगळावर, आन् दगूड आमचा?”

“तिथला आणायला अजून जमत नाही ना.”

इतकं सरळ उत्तर रायभानला आजवर एकाही कचेरीत मिळालं नव्हतं. तिथंच त्याच्या मनात पाल चुकचुकली. मॅडम हातोडीने दगड ठोकायची, कान द्यायची, आणि एखाद्यावर लाल फराटा ओढायची. अगदी व्यापाऱ्यासारखी.

त्या आठवड्यात खतासाठी मेंढरं आप्पाराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात बसवली होती. सोमवारी संध्याकाळी आप्पाराव बिडी शिलगावत म्हणाला, “माझ्या मेव्हण्याच्या गावात सोलारवाले आले, त्यायनी बी पयलं रंगच मारला. मग मोजणी, मग तार. आता शेरडू बी आत जात न्हाई.”

“हे तर मंगळाचं म्हणायलेत.”

“मंगळाचं कुणाला खरं-खोटं करता येतंय? म्हणून तर तेच सांगायलेत.”

रायभानला ते पटलं. ठसाच राहिला नाही तर सौदा कशावर उभा राहणार? मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन पहाटे तो माळावर गेला. लाल फराट्याचे दगड शोधून घोंगड्यात बांधून घरी आणले. आकाराच्या मानाने ते हलके लागले, पण घाईत तो विचार निसटला. मेंढवाड्याच्या काटेरी कुपाटीला लावून त्याने ते जोडीजोडीनं मोजले, मेंढरं मोजतात तसे. वीस जोड्या आणि एक.

“मेंढरं सोडून आता दगडं वळायलाव का?” कासाबाईने विचारलं.

“तू गप. माळ राखायलोय.”

गुरुवारी उन्हं चढल्यावर ट्रक आला. दीपिकाने माळभर नजर फिरवली. “काका, लाल खुणेचे दगड दिसले का कुठं?”

“मेंढरामागं फिरणारा माणूस मी. दगडाकडं कोण बघतंय?”

तिने त्याच्या घोंगड्याकडे पाहिलं. काठाला लाल लागलं होतं. “बरं,” म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. रागावली असती तर रायभानला बरं वाटलं असतं. न रागावणारा माणूस पुढचं ठरवून बसलेला असतो, असं त्याचं मत होतं.

दिवसभर त्यांनी बिनखुणेचे दगड भरले. हात हलवत कसं जायचं म्हणून भरायलेत, रायभान मनात म्हणाला.

मोजणीवाला आला नाही. दोन महिने गेले, चार गेले. “उशिरानंच येतेत ते,” आप्पाराव म्हणायचा, आणि रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की रायभान मेंढरांसकट ओढ्यात उतरायचा.

कासाबाईने त्यातले तीन दगड न विचारता चुलीला मांडले. तिसऱ्या दिवशी भाकरीसकट तवा राखेत. “कसले दगडं आणले हो? बिस्किटावानी फुटले.”

“सरकारच्या पसंतीचे हायत ते.”

“मग सरकारलाच भाकरी थापायला लावा त्यावर.”

पुढे एक दिवस पोरीने, ऋतिकाने, मोबाईलवर दाखवलं: सहा चाकांची गाडी काळ्या दगडांवरून डुलत चालली होती. “आबा, आपल्या माळाचे असतील.”

रायभानने चित्र थांबवायला लावलं. “लाल दिसतंय का कुठं, बघ.”

“न्हाई.”

“नीट बघ.”

“न्हाई आबा, सगळे काळेच हायत.”

“मग येतेत ते परत,” तो म्हणाला. बाहेर जाऊन त्याने अडतीस दगड पुन्हा मोजले आणि त्यांच्यावर बाभळीच्या काटेरी फांद्यांचा एक फेस ओढून टाकला.

लाल रंग ठिसूळ दगडांना होता, ते ट्रकमध्ये भरू नयेत म्हणून. दीपिकाने सोमवारीच, रंगाचा डबा उघडताना, सोबतच्यांना तसं सांगितलं होतं.