ओल्या कापडाची मोजणी

१९७७ साली एका समुद्राकाठच्या पाच देशांनी, त्यांत आपलाही, असे ठरवले की जहाजांच्या तेलापासून होणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या डांबराच्या गोळ्या सर्वांनी सारख्याच सुती जाळीने गाळून मोजाव्यात. इंचाला चाळीस धागे, हा नियम. पाच देशांचे एकमत होईल यावर माझा विश्वास नव्हता. मी रसायनशास्त्र शिकवतो; विश्वास हा माझा विषय नव्हे. तरीही आपल्या वाट्याचे कापड विणून घेण्याचे काम माझ्याकडे आले. ते मी सोलापुरात साखर पेठेतल्या काशम्मा या विणकरणीच्या मागावर दिले.

चाचणीच्या दिवशी पाच बोटी एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी फिरल्या. चार जाळ्या गोळ्यांनी भरल्या; आमच्या जाळीत निम्म्याही नव्हत्या. पाच देशांच्या समितीचे पत्र आले: सोलापूरचे कापड सदोष दिसते, महिनाभरात खुलासा न आल्यास भारताचे आकडे वगळू. आकडे वगळले की त्यांवर आधारून व्हायचा पाच देशांचा करारही बारगळणार, हे उघड होते.

पत्र घेऊन मी काशम्माकडे गेलो. संशय माझाही तिच्यावरच होता.

"सर, माझं कापड खोटं म्हणतेत व्हय?" तिने माग थांबवला. "त्येंचं कापड कुटं हाय?"

मी चारही देशांचे नमुने पुढे ठेवले. तिने भिंग लावले. सगळीकडे चाळीस.

"सुकं मोजलं की वो! समुद्रात काय सुकं पाणी असतंय?"

तिने ते नमुने आणि आपल्या कापडाचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला आणि तासाभराने पुन्हा मोजले. शेहेचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस, पंचेचाळीस. आमचे मात्र चाळीसच.

"टॉवेलवाल्या गिऱ्हाइकानं शिकवलं, सर. आदी भिजवायचं, वाळवायचं, मंग मोजायचं. न्हाय तर धुतल्यावर आटतंय, अन् शिव्या मला!"

म्हणजे दोष त्या चौघांच्या आटलेल्या, बारीक झालेल्या छिद्रांत होता; नियमाने निसटायला हव्यात त्या बारीक गोळ्याही त्यांत अडकल्या होत्या. मी एकपानी खुलासा लिहिला, सोबत धाग्यांचा तक्ता आणि तिच्या बादलीची कृती. समितीने प्रयोग स्वतः करून पाहिला. पुढच्या फेरीत पाचही देशांनी भिजवून मोजलेले कापड वापरले; आकड्यांतला फरक शेकडा चारवर आला. त्या आकड्यांच्या आधारे, भर समुद्रात टाक्या धुण्यास बंदी घालणाऱ्या करारावर पाच सह्या झाल्या. परिशिष्टाचे पहिले कलम असे: कापड प्रथम भिजवावे.

एकमताविषयीचे माझे अनुमान चुकले होते. तशी नोंद मी करून ठेवली आहे.

सह्या झाल्याची समितीची तार वाचून दाखवली तेव्हा काशम्मा मागावरच होती. तारेतच पाचही देशांसाठी तिच्याकडच्या कापडाची मागणी होती.

"मंग आता सदोष कोण?" तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता धाग्यांमधून धोटा फेकला.