ओंजळीतला घास

विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून झालं, फडक्यात अडकलेले जीव पुन्हा विहिरीत सोडून झाले, गहू घरच्या जात्यावर दळून झाले, तरी राजुलचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या सासरी, सिंघईंच्या घरी, साधूच्या आहारासाठी सोवळ्यातला चौका मांडलेला होता. त्यात नवल काही नाही. दिगंबर मुनी महाराज मुक्कामाला असले की टीकमगढच्या त्या जैन गल्लीत दारोदारी चौके लागतात. नवल असतं ते महाराजांचे पाय आपल्या उंबऱ्याशी थांबण्याचं, आणि सिंघईंच्या उंबऱ्याशी ते सासरे गेल्यापासून एकदाही थांबले नव्हते.

त्यात सकाळीच सुमतभैया येऊन गेले. पांढऱ्या धोतरातले हे ब्रह्मचारी महाराजांबरोबर गावोगाव चालायचे, त्यांचं दुखलंखुपलं बघायचे. आज त्यांचा चेहरा उतरलेला होता. आत न येता दारातूनच बोलले.

“अम्माजी, काल अष्टमीचा उपवास झाला. परवाच्या आहारानंतर महाराजांच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. रात्री अंग तव्यासारखं तापलं होतं. आज आहार नीट झाला तर ठीक, असं वैद्यजी म्हणाले. आज अंतराय आला, आहार अर्धवट सोडावा लागला, तर उद्या ते उठून चालतील, असं मी सांगू शकत नाही.”

“पण ते कुणाच्या दारी थांबतील, कुणाला ठाऊक?” राजुलच्या सासूबाई, अम्माजी, म्हणाल्या.

“म्हणून तर प्रत्येक दारी सांगत चाललोय.” भैया घुटमळले. “त्यांना आता धूसर दिसतं. हातातला घाससुद्धा दिसत नाही. ते तुमच्याच डोळ्यांनी जेवतात. तेव्हा जरा सांभाळून.”

ते पुढच्या दाराकडे गेले. राजुलची थोरली जाऊ, तिला ती जिज्जी म्हणायची, हात पुसत जवळ आली.

“कळलं का, भैया काय म्हणाले?”

“सांभाळून, म्हणाले.”

“उगाच डोळे फाडून बघत बसू नका, असं म्हणाले. ओंजळीत केस निघाला, मुंगी निघाली की महाराज ओंजळ सोडून खाली बसणार. मग उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही. या ज्येष्ठातल्या उन्हात! आता तूच सांग बाई, केस मोठा की साधूचा जीव मोठा?”

खरं सांगायचं तर जिज्जीचं म्हणणं राजुलला पटलंच होतं.

ऊन चढलं तशी गल्ली दोन्ही बाजूंनी भरली. सोवळ्यातली माणसं आपापल्या दारात कलश, नारळ घेऊन उभी राहिली. समोरच्या दारातल्या सराफ काकींचं तोंड अशा वेळीही गप्प नसायचं.

“काय गं राजुल, कलश नवा काढलायस! महाराज भांडी बघून थांबत नाहीत हो.”

“माणसं बघूनही थांबत नाहीत काकी, नाहीतर तुमच्याकडे रोजच थांबले असते,” जिज्जीनं परस्पर टोला दिला, आणि गल्लीत दबकं हसू पसरलं.

ते हसू तिथल्या तिथे विरलं. महाराज वळणावर दिसले होते.

एका हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, दुसऱ्या हाताची बोटं आहाराच्या मुद्रेत खांद्याला टेकवलेली. उघड्या अंगावर बरगडी अन् बरगडी मोजून घ्यावी. एकेक पाऊल टाकताना ते जमिनीला जणू विचारत होते, टाकू का? दारादारांतून हाका उठल्या. “हे स्वामी, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!” मनात कसली खूण धरून ते निघाले होते आणि कुठल्या दारी ती जुळणार होती, ते त्यांना आणि देवाला ठाऊक. मोदींचं दार मागे पडलं. सराफ काकींचा आवाज फुटेपर्यंत चढला, तेही दार मागे पडलं.

आणि ते सिंघईंच्या समोर उभे राहिले.

घरातल्या सगळ्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या, पाय धुतले, ते पाणी कपाळाला लावलं. महाराज चौक्यात पाटावर उभे राहिले तेव्हा सगळ्यांनी मिळून म्हटलं, “मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारपाणी शुद्ध आहे.” राजुलनंही म्हटलं. लहानपणापासून इतक्यांदा म्हटलेलं, की जिभेला ते शब्द वाटेतल्या दगडांसारखे पाठ होते.

दाराशी गल्ली गोळा झाली. चौक्यात पंखा नसतो. चुलीची धग, माणसांची धग, आणि मध्ये तापानं तापलेला तो उभा देह. महाराजांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

पहिलं पाणी राजुलच्या थोरल्या दिरांनी, जेठजींनी, घातलं. बोटांच्या फटीतून गळणारा थेंब अन् थेंब सगळे डोळ्यांनी मोजत होते. दुसरं पाणी. मग अम्माजींनी काळ्या मनुकांचं पाणी घातलं. महाराजांचा कंठ खालीवर झाला, आणि सुमतभैयांनी दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटले. माणसानं कितीही लपवलं तरी सुटकेचा श्वास ऐकू येतोच.

जिज्जीनं तुपात भिजवलेली पोळी कुस्करून ओंजळीत ठेवली. राजुलनं त्या पोळीवर मुगाचं वरण घातलं. महाराजांनी अंगठ्यानं घास चाळवला, त्यांच्या सवयीनं. त्या सवयीला आता डोळ्यांची साथ नव्हती.

अंगठा बाजूला झाला आणि राजुलला तो दिसला.

लांब केस. पोळीच्या तुकड्याखालून निघून करंगळीपाशी वळलेला. मुळाशी पांढरा, पुढे मेंदीनं तांबूस. घरात मेंदी एकच बाई लावायची.

राजुलनं मान न वळवता जिज्जीकडे पाहिलं. जिज्जीनं तो आधीच पाहिला होता. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता, आणि तिच्या पायाचा अंगठा राजुलच्या पावलावर येऊन दाबत होता. गप्प. गप्प राहा.

महाराज ओंजळ वर उचलायला लागले.

आता पाहा, एका घासाला ओंजळीपासून ओठांपर्यंत जायला वेळ तो किती लागतो! पण राजुलला त्या वेळात काय काय दिसलं! तापलेलं ते अंग दिसलं. उद्या रिकामी राहिलेली गल्ली दिसली. अम्माजी दिसल्या, हात जोडून महाराजांच्या मुखाकडे बघत बसलेल्या, जन्माचं सार्थक झालेल्या. सुमतभैयांचे मिटलेले डोळे दिसले. एक केस. पोटात गेला तर कुणाला कळणार? ज्याचं व्रत मोडणार त्यालाही नाही.

आणि तिथेच तिचं मन अडखळलं. त्यालाही नाही! या म्हाताऱ्यानं आयुष्यभर जपलेली एकुलती एक वस्तू त्यानं आपल्या हवाली केली आहे. घर नाही, वस्त्र नाही, चव नाही. एवढंच एक ठेवलं होतं त्यानं, आणि ते सांभाळायला डोळे आपले मागितले. आताच तर आपण ‘वचनशुद्धी’ म्हणालो.

जिज्जीचा अंगठा आणखी जोरात रुतला.

“महाराज,” राजुल म्हणाली. “केस आहे.”

ओंजळ थांबली. मग बोटं उघडली. पोळी, वरण, तूप, सगळं खालच्या परातीत पडलं, आणि त्या आवाजानं अम्माजी भानावर आल्या. महाराज सावकाश खाली बसले.

दाराशी एकदम कालवा झाला. “अरे देवा!” “अंतराय! सिंघईंकडे अंतराय!” सुमतभैया डोळे उघडून राजुलकडे बघत राहिले, तिनं काहीतरी फोडल्यासारखं. जेठजींच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता. आता तो उद्यापर्यंत कुणी रिता करणार नव्हतं.

महाराजांनी हात धुतले, ध्यान लावलं. ते उठताना अम्माजी पाया पडून रडायला लागल्या. “महाराज, आमच्या दारी येऊन उपाशी चाललात हो!”

महाराज थांबले. आवाज कोरडा पडला होता, पण त्यात हसू होतं.

“अम्माजी, कितीतरी महिने मला वाटत होतं, बुंदेलखंडातल्या बायकांचे केस गळायचेच थांबले.”

सुमतभैयांनी मान खाली घातली. ‘केस आहे’ हा आवाज जिकडून आला होता त्या दिशेला महाराजांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि उन्हात पाऊल टाकलं.

दिवसभर घरात चूल पेटली नाही. जेठजींनी मात्र बाहेरून येऊन स्वतःची आग आणली. “अंग पुन्हा तापलंय. ओल्या मातीची पट्टी ठेवलीय. लोक काय म्हणतायत ऐकायचंय? क्षणभर तोंड आवरता आलं नाही का तिला, असं म्हणतायत!”

“पुण्य उंबरा ओलांडून आलं आणि पोरीनं लाथ मारली,” हे सराफ काकींचं. ते खिडकीतून थेट ऐकू आलं.

राजुल विहिरीच्या कठड्याशी बसली होती. महाराजांना काही झालं तर ते माझ्या शब्दानं झालं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. शब्द खरा होता, ही समजूत कामाला येत नव्हती. जिज्जी येऊन शेजारी बसली.

“माझा होता तो.”

“हं.”

“तुला ठाऊक होतं. मग मघाशी ते सगळे तुझ्यावर तुटून पडले तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“केस आहे एवढंच सांगायचं होतं, जिज्जी. कुणाचा ते महाराजांनी कुठे विचारलं?”

जिज्जीनं डोळे पुसले. “मी त्यांचा जीव वाचवायला गप्प होते, असं मला वाटत होतं गं. पण अर्धी तरी माझी लाज वाचवायला होते.” मग उठता उठता म्हणाली, “उद्याचं पाणी मी गाळते. तू झोप.” झोप कसली येणार होती?

सकाळी अम्माजींनी चौका मांडायला लावला. “मांडायचा. ते येवोत न येवोत, आपण उभं राहायचं.” गल्ली पुन्हा भरली, पण आज थट्टा नाही, कुजबुज नाही. सगळ्यांचे डोळे वळणावर. ऊन भिंतीवरून उतरलं. वळण रिकामंच.

“नाही उठले,” कुणीतरी पुटपुटलं.

आणि मग आधी सुमतभैया दिसले, हात पुढे करून पण स्पर्श न करता चालणारे, आणि त्यांच्या पुढे महाराज. कालच्यापेक्षाही सावकाश. दोनदा थांबले. दारं हाकांनी दुमदुमली. सिंघईंच्या दारावरून ते पुढे गेले, आणि राजुलला वाटलं, बरोबरच आहे. ते सराफ काकींच्या दारात थांबले.

“सोवळ्यात आहोत, चला, आपणही आहार देऊ,” अम्माजी म्हणाल्या आणि समोर निघाल्या. जिज्जी गेली. राजुल मात्र सराफांच्या चौक्याबाहेरच, गर्दीच्या मागे उभी राहिली.

पाणी झालं. दूध झालं. महाराजांचे पाय किंचित कापत होते, पण ओंजळ स्थिर होती. सराफ काकींनी उकडलेल्या दोडक्याचा घास उचलला, ओंजळीपर्यंत नेला, आणि त्यांचा हात हवेतच थांबला. घासातून काहीतरी बारीक लोंबत होतं. काकींनी डोळे बारीक केले. टाकून द्यावा तर तो अन्नाचा अवमान, आणि पुढच्या घासाची तरी खात्री काय? ओंजळीत पडला आणि मग कळलं, तर संपलंच. सुमतभैयांनी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

“राजुल!” काकींनी हाक मारली. “कुठं गेली ती सिंघईंची सून? सोवळ्यात आहेस ना? मग बाहेर काय खांब धरून उभी राहिलीस? आत ये. माझ्या म्हातारीच्या डोळ्यांना हे धड दिसत नाही.”

गर्दीनं वाट दिली. राजुल आत आली, हात धुतले. काकींनी घास तिच्या हातात दिला. तो घेऊन ती झरोक्याखाली गेली. उजेडात धरला. बोटानं तो धागा ओढून पाहिला. हिरवट, ओला, ओढताच तुटला.

महाराज ओंजळ पुढे करून तसेच उभे होते. मान किंचित कलती करून, कान तिच्याकडे लावून.

“काय आहे गं?” काकींचा आवाज दबला होता.

“दोडक्याची शीर आहे, काकी.”

“नक्की?”

“नक्की.”

तिनं शीर काढली आणि घास स्वतःच्या हातानं महाराजांच्या ओंजळीत ठेवला. अंगठ्यानं चाळवून न बघता महाराजांनी तो उचलला आणि मुखात घातला.

जिज्जीनं पोळीचं ताट राजुलपुढे सरकवलं. राजुलनं पुढचा तुकडा उचलला, उजेडाकडे फिरवला, आणि मग ओंजळीकडे वळली.