भिडस्त चाकू

मी चाकू आहे, पण घाबरू नका. मी जरा भिडस्त आहे. माझं टोक गोल आणि बोथट, धार त्याच्यामागे एका बारीक फटीत. त्या फटीत मावेल तेवढंच मी कापतो, त्यापुढे माझी मजल जात नाही.

कारखान्यात तपासणीच्या ताई मला ताणलेल्या रबरावर दाबून बघायच्या. रबर फाटलं, की चाकू बाद. न कापल्याबद्दल पास होणारा चाकू मीच असेन.

मग पाकिटात बंद होऊन ऑपरेशन थिएटरच्या कपाटात आलो. आमचा जन्म एकाच वापरासाठी. शेजारची पाकिटं एकेक करून गेली आणि मी आपला वाट बघत बसलो.

एका सकाळी माझा नंबर लागला. टेबलावरच्या बाईंचं कमरेखालचं अंग बधिर केलं होतं, तोंड मात्र चालू होतं. थोरल्या मुलीच्या वेळी, अशाच सिझेरियनमध्ये, सुरी ओझरती लागून तिच्या गालावर कायमचा व्रण राहिला होता. आता धाकटं येत होतं. नवरा उशाशी त्यांचा हात धरून बसला होता.

"मॅडम, बाळाला लागणार नाही ना?"

"अगं, शेवटचा थर या भिडस्तानं कापणार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा पुढे घुसतच नाही."

वरचे थर सुरीनं झरझर उघडले. गर्भपिशवीचा शेवटचा पातळ थर उरला तेव्हा डॉक्टरबाईंनी मला उचललं. मी आत सरकलो, तोच पलीकडून काहीतरी ऊबदार, मऊ हललं आणि माझ्या टोकाला येऊन टेकलं. धार केसभर अंतरावर होती. ज्यांनी माझं टोक गोल केलं, त्यांचे मी त्या क्षणी मनापासून आभार मानले. मग हळूच वाट मोकळी करून दिली.

रडणं ऐकू आलं. मुलगा की मुलगी, हे बाईंनी विचारलंच नाही.

"आधी गाल दाखवा," त्या म्हणाल्या.

सिस्टरनी दोन्ही गाल दाखवले. बाईंना रडू फुटलं. नवऱ्यानं त्यांच्याआधीच सुरुवात केली होती.

आता मी वापरलेल्या पात्यांच्या डब्यात आहे, उद्या भट्टीत जाईन. तक्रार काहीच नाही. एकच काम वाट्याला आलं, पण ते असं आलं, हे माझं नशीब. त्या बाळाला जगाचा पहिला स्पर्श झाला तो माझा, आईच्याही आधी. गालावर खूणच नाही, म्हणून त्याला हे कधीच कळणार नाही, आणि यातच माझं सगळं आलं.