चाळीस आणि वर एक

कीबोर्डवरच्या डब्ल्यूच्या बटनावरची टिकली एका कडेनं उचकटली होती. मसुराच्या डाळीएवढी, मरून. मधोमध बोटानं घासून घासून रंग उडालेला, कडेला मात्र अजून गडद... सौदामिनीनं त्या कडेला नख लावलं आणि लगेच काढून घेतलं. चष्मा लावूनही आईला अक्षरं पटकन सापडत नसत. "पुढं जायचं बटन कुठलं गं?" असं तिनं फोनवर चौथ्यांदा विचारलं तेव्हा सौदामिनी वैतागून म्हणाली होती, खूण कर काहीतरी त्यावर. केली, असं दुसऱ्या दिवशी आई म्हणाली. काय केली ते बोलली नाही. पुढे सौदामिनी लातूरला यायची तेव्हा हा कॉम्प्युटर जुन्या पातळाखाली झाकलेला असायचा. माणूस समोर बसलेलं असताना ते डबडं कशाला, म्हणायची आई. त्यामुळे इतकी वर्षं आपण नांदेडहून आणि ती इथून, एकाच गेमच्या पडद्यावर शेजारी शेजारी चालत असताना दर पावलाला तिचं बोट एका टिकलीवर टेकत होतं, हे सौदामिनीला आज कळत होतं... ती जाऊन चार महिने झाल्यावर, दुपारी अडीचला, तिच्याच खुर्चीत बसून.

साडेतीनला त्या गेममधलं एक मिशन बंद होणार होतं. गेमवाले दर काही महिन्यांनी जुनी मिशनं काढून घेतात आणि नवी आणतात. 'जुनं धरण' आज जाणार होतं. गेममधल्या आईच्या पानावर बाकी सगळ्या मिशनांपुढे दोन-दोन खुणा होत्या, एक मुख्य कामाची आणि एक बोनसची. धरणापुढे फक्त एक. ती दुसरी खूण आईच्या नावापुढे यावी एवढ्यासाठी, स्वतःशीही नीट कबूल न करता, सौदामिनी सकाळच्या एसटीनं आली होती. सांगायला घर आवरायचं निमित्त होतं. उद्या कॉम्प्युटर न्यायला माणूस येणार होता.

हे सगळं टाळेबंदीत सुरू झालं. एसटी बंद, रेल्वे बंद, आणि फोनवर "जेवलीस का" नंतर दोघींपाशी काही उरत नसे. सौदामिनी कॉलेजात इतिहास शिकवणारी, घरभर पुस्तकं. पण त्या दिवसांत पुस्तक उघडलं की ओळी हलायच्या, म्हणून ती विद्यार्थ्यांच्या नादानं हा गेम खेळायला लागली होती. आईनं शेजारच्या बंद पडलेल्या क्लासमधला कॉम्प्युटर घेतला तो भजनं ऐकायला. मग एका दुपारी म्हणाली, तू दिवसभर कुठं असतीस ते दाखव की मला पण.

दाखवलं. आईला बंदुकीत रस नव्हता. धरणावर पहिल्यांदा गेल्या तेव्हा ती सांडव्यापाशी थांबून नुसती बघत राहिली. लोखंडी पहारेकरी मागून गोळ्या झाडतायत, सौदामिनी ओरडतेय, आणि कानात आईचा संथ आवाज... "किती पाणी गं. आमच्याकडं आठ दिवस झाले नळ न्हाई."

मुख्य काम सोपं होतं. चौघांनी मिळून, म्हणजे या दोघी आणि गेममध्येच जोडले गेलेले बालाजी आणि विरूपाक्ष यांनी, पंपघर बंद करायचं आणि खालच्या धक्क्यावरची बोट गाठायची. बोनस असा, की बुडत्या गावात अडकलेली सात माणसं सोबत आणायची. आणि ही सात माणसं—सौदामिनीनं आयुष्यात इतकी बेअक्कल माणसं पाहिली नव्हती. गोळीचा आवाज झाला की कान झाकून बसत. भिंतीकडे तोंड करून चालत राहत. सातवा, पिवळ्या रेनकोटवाला, सांडव्याखालच्या खडकापाशी असे. समोर कुणी सावकाश चालत असेल तरच तो चाले, आणि घाई केली की पुन्हा खडकापाशी परत. त्यात बोटीत एकानं जरी पाय ठेवला की नव्वद सेकंदांत ती सुटायची. एकतीस वेळा खेळले ते. एकतीस वेळा पडद्याच्या कोपऱ्यात तेच... सातपैकी सहा. बिलोलीचा बालाजी, जो स्वतःच्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकं करता करता खेळायचा, तो बोनस लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या काढायचा आणि मग जीभ चावून म्हणायचा, "सॉरी, बाई."

"शिव्या देऊ नको रे, बालाजी. वरचं राहिलंय, वरचं आणू," म्हणायची आई.

बोनसला ती 'वरचं' म्हणे. जोखून झाल्यावर भाजीवाली वर दोन मिरच्या टाकते, ते वरचं. सौदामिनी तान्ही असताना आईची बदली दूरच्या शाळेत झाली आणि तिला बाटलीनं पाजलं, ते वरचं दूध. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बाईला मोजून घेतल्याशिवाय निघता येत नाही, एवढाच तिचा हट्ट असेल असं सौदामिनीला वाटे. आणि त्या हट्टाचा राग येई. खरंच येई. एकतिसाव्या वेळी—शेवटच्या—आई पुन्हा खडकाकडे वळली आणि सौदामिनी म्हणाली, "आई, तुझ्यामुळं दर वेळी सगळ्यांचं जातं." आणि बोटीत पाय ठेवला. मुद्दाम. नव्वद, एकोणनव्वद... आई हसली होती. म्हणाली होती, "जा तुम्ही. मी येते हळूहळू."

सहा आठवड्यांनी दवाखान्यातल्या कॉटवरून तेच वाक्य. कॉलेजात परीक्षा सुरू होत्या, डॉक्टर म्हणाले आता बरं आहे, आणि आईनं हात उशीवरून जरासा उचलून... जा तू, मी येते हळूहळू. दुसऱ्या दिवशी वर्गात पुरवण्या वाटताना फोन आला. सत्तावीस पोरं खाली माना घालून लिहीत होती. मी त्यांना शेवटपर्यंत लिहू दिलं, असं ती नंतर कुणालातरी सांगत होती, जणू कुणी तेच विचारलं होतं.

तिनं हेडफोन चढवला. गेम उघडला आणि नाव विचारलंच नाही; आईचंच नाव आपोआप वर आलं, कस्तुराबाई. शेवटचा दिवस म्हणून बालाजी आणि विरूपाक्ष आधीच आत होते. बालाजीच्या दुकानातल्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"मी आहे. सौदामिनी," ती म्हणाली.

"हाव, ताई..." बालाजी म्हणाला. "ते नाव दिसलं ना, छातीत धस्स झालं. विरूपाक्षा, हाईस का?"

"आहे," उदगीरहून विरूपाक्ष म्हणाला. तो कमी बोले. मग म्हणाला, "अक्का, बरं केलंत. त्यांच्याच नावानं होऊ द्या."

चौथी जागा रिकामीच ठेवली. पंपघर अर्ध्या तासात बंद झालं. त्यात दोनदा बालाजी पडला, त्याला उचलून उभं केलं. एकदा तर तो गिऱ्हाइकाला, "भाऊ, आधारची दोन्ही बाजू पायजे, माघारी जा अन् घेऊन या," म्हणता म्हणता पडला आणि विरूपाक्ष चक्क हसला. सात माणसं गोळा करायची तेव्हा तिघांनीही बंदुका खाली केल्या. गोळी न झाडता, वाट काढत, एकेकाच्या पुढे सावकाश चालत... टिकलीवर बोट अलगद दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. आई अशीच चालायची. पोरांची रांग पुढे नेताना मागे बघत चालणारी बाई... सौदामिनीला तिची पाठ दिसली, निळ्या काठाची साडी, आणि एक हात मागे केलेला, कुणीतरी धरावा म्हणून.

"बाई अशाच चालायच्या," बालाजी म्हणाला. त्याच्या दुकानात आता गिऱ्हाईक नसावं. "आमचे वडील सांगतेत ना. शेषेराव. ते बाईंच्याच वर्गात व्हते, चौथीला. तुम्हाला म्हायती नव्हतं?"

"नाही." आईनं हे कधी सांगितलं नव्हतं. पण बिलोलीचा म्हटल्यावर तिनं पहिल्याच दिवशी बापाचं नाव, गल्ली, सगळं विचारून घेतलं असणार.

"वडील सहलीला बी व्हते. सहस्रकुंडच्या धबधब्याच्या. जव्हा तुम्ही मागं राहिल्या."

"मी राहिले कशी पण?"

"आता घ्या!" बालाजी म्हणाला. "बाईंनी बसमधी पोरं मोजली, डोक्याला हात लावून लावून. पटावर चाळीस. चाळीस भरली. सोडा म्हणाल्या बस. इस्लापूरच्या फाट्यापस्तोर गेली बस, अन् वडलांनी इचारलं, बाई, आपली वरची कुठंय? तुमचं नाव पटावर नव्हतं ना, ताई. तुम्ही वरच्या. वडील म्हणतेत, बाई बसच्या मधल्या वाटंत खालीच बसल्या. ड्रायव्हरला बोलता येईना त्यांना, नुसता हात करून राहिल्या, वळव, वळव. परत येईस्तोर एक शब्द न्हाई बोलल्या. तुम्ही नसताना आम्हाला लई हसून सांगायच्या तुमच्या आई, पण तेवढं सांगताना न्हाई हसायच्या."

सौदामिनीचं बोट टिकलीवर तसंच राहिलं होतं. पडद्यावर ती खडकाच्या दिशेनं चालत होती, पाण्याचा आवाज वाढत होता... आणि ती सहा वर्षांची होती. काळ्या खडकाला पाठ लावून उभी, फ्रॉक ओला, चेहऱ्यावर तुषारांचा थंड, बारीक मारा, आणि समोर इतकं पांढरं पाणी की त्याच्यापलीकडे जग असेल असं वाटतच नव्हतं. बस गेली हे तिला कळलं होतं. धूळ दिसली होती. पण भीती... नव्हती. हेच तिला नेहमी नवल वाटे. तिच्या आठवणीत तो दिवस नेहमी सुंदरच होता. पाण्यात मधेच एक इंद्रधनुष्याचा तुकडा उमटत होता आणि विझत होता, आणि बस वळून येणार नाही ही गोष्ट तिच्या मनात आलीच नव्हती, जशी पाणी वर जाईल ही येत नाही. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. मग आई आली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून, कुणालातरी ऐकवावं तसं म्हणाली, एक्केचाळीस. एवढंच. सौदामिनीला वाटलं होतं, आई पाढे म्हणतेय.

एकतीस वेळा. एकतीस वेळा आई या खडकाकडे वळली होती, आणि तिच्या कानात मी ओरडत होते... सोड त्याला, आई.

पिवळ्या रेनकोटवाला खाली बसलेला होता, हात कानांवर. कोपऱ्यात सातपैकी सहा.

"ताई, तीन बावीस झाले," बालाजी म्हणाला. "सहा जण धक्क्यावर आणलेत आम्ही. मेन तर होऊन जाईल. सोडा त्याला, या."

"जा तुम्ही," सौदामिनी म्हणाली. "मी येते हळू—" आणि थांबली. ते वाक्य ओळखीचं, पण तोंडात आतून वेगळंच लागलं, दुसऱ्याच्या घरातल्या पेल्यासारखं. म्हणणाऱ्याला ते कसं लागतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं की त्यात निरोप असतो, किंवा माफी, किंवा ठपका. त्यातलं काही नव्हतं त्यात. नुसतं एवढंच होतं की कुणीतरी खडकापाशी आहे, आणि आपण त्याच्याकडे चाललो आहोत.

अंगणातून मल्लम्मा मावशींची हाक आली. भिंतीपलीकडे राहणाऱ्या, आईच्या वयाच्या. "सौदामिनी, ए पोरी! नळ आला गं, नळ! पिंपाचं झाकण काढ!"

मोरीतल्या नळानं आधी हवा खोकली, मग धार पडली, मोरीच्या फरशीवर. ती उठली नाही. हेडफोनच्या एका कानातून सांडवा पडत होता, दुसरा तिनं जरासा बाजूला केला होता त्यातून नळ. दोन्ही पाणी कुठेतरी मधे मिसळत होतं, आणि त्या दोन्हींच्या खाली, खूप लांब, तिसरं.

"अगं, वाहून चाललं की सगळं!" मल्लम्मा मावशी म्हणाल्या. "कस्तुरा असती तर घागरी तरी लावल्या असत्या." मग त्यांचीच पावलं मोरीकडे गेल्याचं ऐकू आलं, पिंपाचं झाकण सरकलं.

"बालाजी, बोट सुटली का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"का?"

विरूपाक्षच बोलला. "चढलोच नाही, अक्का. पाण्यात उभे आहोत. कुणी चढलं नाही तर बोट सुटत नाही."

"मोजल्याबिगर कसं निघावं," बालाजी पुटपुटला. "तीन पंचवीस झाले पण."

सौदामिनीनं टिकलीवरचं बोट उचललं. पडद्यावर तिची आकृती—आईची आकृती, वर नाव लिहिलेलं—खडकासमोर थांबली. पाणी पडत होतं. एकतीस वेळांत या खडकासमोर कुणी असं थांबलं नव्हतं; कुणी ओढत होतं, कुणी ढकलत होतं, कुणी घड्याळ बघत होतं. पिवळ्या रेनकोटवाल्याचे हात अजून कानांवर होते. तो उठेल, न उठेल. साडेतीनला हे पाणी, हा खडक, सगळं कुठेतरी जाणार होतं, आणि तो उठायच्या आत गेलं तरी... तिच्या छातीत चार महिने जे घाईघाईनं चालत होतं, ते आता चालत नव्हतं.

बोटाच्या टोकाला काहीतरी टोचलं. टिकली बोटाला चिकटून वर आली होती. ती तिनं पुन्हा बटनावर लावली नाही, पुसली नाही. बोट तसंच हवेत धरून ती बसून राहिली, खडकाला पाठ लावून बसावं तशी, आणि बस गेली होती त्या फाट्याच्या बाजूला, जिथे धूळ बसत आली होती, तिकडे बघत राहिली.