खिशातली खडीसाखर

"आई, टोचून घ्यायचंय मला. तू कशाला डोळे मिटून राहिलीस?"

सत्यशीलानं डोळे उघडले. वैष्णवीनं पोटाची चिमूट धरलेलीच होती. सुई आत गेली, पोरीनं हूं की चूं केलं नाही. आईनंच तोंड फिरवलं.

काही दिवसांआधीपर्यंत पोरगी नुसती वाळत चालली होती, तांब्यावर तांबे पाणी रिचवत होती, आणि सत्यशीलाला वाटत होतं, क्लासचा अभ्यास अंगावर आलाय. लातुरात अशी सुकलेली पोरं गल्लोगल्ली दिसतात. त्यातल्या कितीतरी जणांचे डबे तीच करायची. मग एक दिवस दवाखाना झाला. हा लहान मुलांचा मधुमेह, डॉक्टर म्हणाले, यात कुणाची चूक नसते. पण इन्सुलिन जन्मभर. तो ‘जन्मभर’ तिच्या डोक्यातून जाईना.

"कुणाच्या कानावर घालू नगंस," सासूबाई सरस्वतीबाईंनी बजावलं. "पोरीची जात हाय. उद्या कोण उंबरा चढंल आपला?"

सत्यशीलाला ते पटलं. लेकीचं नशीब फुटलंच होतं, निदान त्याचा बोभाटा तरी नको. तिनं खडीसाखर रुमालात बांधून वैष्णवीच्या खिशात घातली.

"सुईनं साखर लई उतरली, हातपाय कापले, घाम फुटला की लगेच तोंडात टाकायची. पण चारचौघांत न्हाई, बाहेर जाऊन."

"आन् कुणी इचारलं तर?"

"इचारायची पाळीच आणायची न्हाई, माय."

वैष्णवी गुणाची पोर. आईचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नव्हता.

त्या दिवशी क्लासमध्ये परीक्षा लांबली. डब्याची वेळ टळून गेली. पेपर संपेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, असा दंडक होता. वैष्णवीनं बाकावर डोकं टेकलं. शिवलिंग सरांनी पाहिलं, पण पहाटे उठणाऱ्या पोरांची डोकी तिथं रोजच बाकावर टेकलेली असत. पोर पेंगली असेल म्हणून ते पुढे गेले. पेपर गोळा करताना शेजारच्या मुलीनं हलवलं, तर वैष्णवी घामानं निथळत होती आणि हाकेला ओ देत नव्हती.

दवाखान्यात सलाईनमधून साखर चढली, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. सिस्टरनं सत्यशीलाच्या हातात रुमाल ठेवला. गाठ तिनं बांधली होती तशीच होती.

"खाल्ली का न्हाईस गं?"

"सगळे बघत होते ना," वैष्णवी म्हणाली. "तूच म्हणलीस."

सत्यशीला भिंतीला टेकून खाली बसली. गणपती बोळवले त्या रात्री भूकंपात औसा तालुक्यातलं तिचं गाव भुईसपाट झालं, तेव्हा ती वैष्णवीहूनही लहान होती. दगडमातीखालून ती ओरडत राहिली होती, घसा फाटेपर्यंत. तिला बाहेर काढणारा भुजंगमामा पुढं कायम म्हणायचा, "वराडलीस म्हणून घावलीस, पोरी." तिची धाकटी बहीण ओरडली नव्हती. आणि आज आपण आपल्याच लेकीला गप्प राहायला शिकवलं, या विचारानं तिला हुंदका आवरेना.

वैष्णवी बरी होऊन क्लासला निघाली, तेव्हा सत्यशीलानं चपला घातल्या.

"गावभर करतीस आता?" सासूबाई म्हणाल्या.

"व्हय, आत्याबाई."

वर्ग गच्च भरला होता. सरांना विचारून ती फळ्यापुढं उभी राहिली. तिनं पदर सावरला.

"ही वैष्णवी माझी लेक. हिला शुगरचा आजार हाय. रोज सुई घेती, जन्मभर घेणार हाय. हिनं डोकं टेकलं तर झोपली समजू नका. हलवा. साखर द्या. मला आवाज द्या."

कुणी हसलं नाही. वैष्णवीची मान खाली गेली होती. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. आईकडं ती बघेना.

सत्यशीला बाहेर पडली. आपण लेकीला वाचवलं की उघडं पाडलं, तिला कळेना. जिन्यात तिचे पाय अडले. आत सरांनी शिकवायला सुरुवात केली होती.

जरा वेळानं सर थांबले. "वैष्णवी, काय होतंय?"

"हात कापायला लागलेत, सर."

सत्यशीला वळून परत आली, पण वर्गाच्या दारातच थांबली. वैष्णवीनं रुमालाची गाठ सोडली होती आणि सगळ्यांदेखत, डोळ्यांतलं पाणी न पुसता, ती खडीसाखर कडाकडा चावत होती.