थंड सोफीची वाट

ओटिली बुशमान ही फार शहाणी बाई. असं तीच म्हणे. नवरा लेबरेश्ट ऐकून घेई. जर्मनीतल्या हेसेनपासून दक्षिण अमेरिकेतल्या चिलेपर्यंत पाच महिने तिच्याबरोबर जहाजात काढल्यावर माणूस बरंच ऐकून घ्यायला शिकतो.

यानकीवे तळ्याकाठी हे कुटुंब उतरलं नोव्हेंबरात. जंगल जाळून काढलेला जमिनीचा तुकडा, एक लाकडी खोपट, आणि ओटिलीच्या गळ्यात कापडी पिशवी. पिशवीत ठिपक्याच्या घेवड्याचं बी, आजीपासून चालत आलेलं. निघताना आई म्हणाली होती, "तिकडे काहीही कर, पण हे बी मोडू देऊ नकोस." आता मागायची सोयही उरली नव्हती. आई गेल्याचं पत्र जहाजाच्या आधीच बंदरावर येऊन बसलं होतं.

शेजारची एदुविहिस, चिलोए बेटावरून आलेली कॅथलिक विधवा, बटाटे घेऊन भेटायला आली. पिशवी पाहून म्हणाली, "शेजारीणबाई, बी काय दागिना आहे गळ्यात घालायला? टोकून टाका. हेच दिवस आहेत."

"नोव्हेंबरात घेवडा?" ओटिली गालात हसली. बिचारीला शेतीतलं काही कळत नसावं.

कारण घेवडा टोकायचा तो मे महिन्यात, हिमाच्या संतांचे दिवस होऊन गेल्यावर. पान्क्रास, सेर्वास, बोनिफास, आणि शेवटी पंधरा तारखेला थंड सोफी. त्याआधी टोकलं की हिमानं कोंब जळालाच. ओटिलीच्या घरचे ल्यूथरच्या पंथाचे लोक, संत-बिंत काही मानत नसत. पण घेवड्यापुरते मानत.

नाताळात घामाच्या धारा लागल्या. ओटिलीला वाटलं, यंदा हवा बिघडली आहे. फेब्रुवारीत एदुविहिसकडे शेंगा लोंबायला लागल्या, तेव्हा तिला त्या बाईची दयाच आली. काय ती घाई.

एप्रिलात धाकटी मीना म्हणाली, "आई, एदुविहिसमावशीच्या सफरचंदाची पानं गळतायत."

"परक्या मुलखातली झाडं ती. त्यांना काय कळतंय?"

"परके आपण आहोत," लेबरेश्ट बुटाचा चिखल खरवडत म्हणाला. "ओटिली, निदान निम्मं बी मागे ठेव."

"आईनं कधी निम्मं ठेवलं होतं?"

मेच्या सोळा तारखेला ओटिली ओलेती होऊन वाफ्यात ओणवी झाली. पाऊस आडवा येत होता, बोटं गारठून वाकत नव्हती. तिनं सगळं बी टोकलं, एकेक वीत अंतर मोजून. लेबरेश्ट दारात उभा होता. 

नवव्या दिवशी तिनं माती उकरली. बी फुगून, बुळबुळीत होऊन कुजलं होतं. ती गुडघ्यावर बसून ओळीच्या ओळी चाचपत गेली. पाणी न प्यालेले, टणक राहिलेले दाणे निघाले अकरा. आजीपासूनचं सगळं आता एका मुठीत मावत होतं.

घरात शिरायच्या आधी ती एदुविहिसच्या दारात गेली. मूठ उघडली.

एदुविहिसनं दाणे पाहिले. मग ओटिलीचे मातीनं माखलेले गुडघे पाहिले, आणि तिला हसू आवरेना. "अहो बाई, इथे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड! कुणी सांगितलं तुम्हाला हिवाळ्यात टोकायला?"

"संतांनी."

"आमच्या?"

"तुमच्याच असतील. आम्ही मानत नाही."

यावर एदुविहिस बाकावरच बसली. ओटिलीनं तोंड घट्ट मिटून पाहिलं, पण जमलं नाही. तीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

"कधी टोकू, ते सांगा," ती म्हणाली.

"ऑक्टोबर संपता संपता. मीच हाक मारीन."

"आणि विसरलात तर?"

"तुम्ही विसरू द्याल?"

नाहीच दिलं. जुलैपासून ओटिली दर रविवारी जाऊन विचारी. शेवटी हाक आली, तेव्हा ती हातातलं पीठ तसंच घेऊन पळाली. अकरांतले सात उगवले. वेल काठीला लागले त्या दिवशी लेबरेश्ट वाफ्याशी आला, वाकून पाहिलं, आणि बायकोकडे बघत राहिला.

"मी म्हटलंच होतं," ओटिली म्हणाली, "बी चांगलं आहे."