एक इंच खोटी

मी टेप बोलतेय, शिंप्याच्या गळ्यातली. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधेसुधे वाटले, तर सांभाळून घ्या. माझ्या अंगावर सगळे आकडेच छापलेत, अक्षर एकही नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अगदी काटेकोर होते. पण विचार करताना मला दोन्ही हातांनी ओढत राहायची मास्तरांना सवय. ओढून ओढून मी चांगली इंचभर सैलावले. कुणाला पत्ताच नाही! माप घ्यायला मीच आणि कापड बेतायलाही मीच. माझी चूक माझ्याच चुकीशी जुळायची आणि कपडे अंगाला चोख बसायचे.

मास्तरांच्या मेहुण्याला नोकरीच्या मुलाखतीसाठी कोट हवा होता. मास्तरांनी माझ्यानं त्याचं माप घेतलं. कापड कापायच्या वेळी हा नवीकोरी टेप घेऊन हजर! तिला माझ्याशेजारी ताणून ओरडला, "दाजी, ही तर इंचभर खोटी! फेका केरात!"

मास्तर मुळात लाजरे. "बरं," म्हणाले आणि नव्या टेपेनं कापड कापलं. मी म्हटलं, कापा बापडे.

संध्याकाळी कोट घातला तर बटण काजापर्यंत पोचेना.

"खऱ्या टेपेनं कापलाय," मास्तर पुटपुटले.

"मग काय माझी छाती खोटी?"

मास्तरांची बायको काजं करता करता हसली. "अहो, माप एकीचं, कापड दुसरीचं. दोन सवतींच्या हाती संसार दिलात! इतकी वर्षं कुणाचा कोट परत आला? अंगाला बसतं ते खरं."

"ताई, तुझ्या म्हणण्यानं इंच बदलतो का?"

"इंच राहू दे. तू आधी श्वास घेऊन दाखव."

मला दोघांचंही पटत होतं. पण समोर केराचा डबा दिसत होता, म्हणून मी ताईंच्या पक्षात गेले.

मास्तरांनी शिवणीत ठेवलेलं मार्जिन उसवून कोट कसाबसा बसवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मेहुण्याचंच बरोबर आहे. उद्या हिला टाकतो." भीतीनं मी आपोआप गुंडाळले गेले.

सकाळी पहिल्याच आल्या बेकरीवाल्या काकू. मास्तरांनी नव्या टेपेनं कंबर मोजली. "चाळीस."

"चाळीस? काहीतरीच काय! अरे, टेप बिघडलीय तुझी."

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी मला उचललं, झटकलं आणि काकूंच्या कमरेला लावलं. "एकोणचाळीस."

"बघ! ही खरी."

नवी टेप मास्तरांनी खणात सारली, मला गळ्यात घातलं आणि काकूंचं कापड माझ्याच मापानं कापायला घेतलं.